चावलेल्या सूर्यांचा ड्रॅगन

दिवसभर मी लग्नपत्रिका करते. अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत छपाईचं एक दुकान आहे, तिथे संगणकासमोर माझी खुर्ची. गिऱ्हाईक शेजारी स्टूल ओढून बसतं आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत सूचना करतं. मोर जरा मोठा करा. सोनेरी अजून सोनेरी करा. वाढदिवसाचा फ्लेक्स असेल तर चेहरा उजळ करा, पण मिशी काळीच ठेवा. हे सगळं मी मनापासून करते, काम मला आवडतं. पण सारखे मोर काढून झाल्यावर माणसाला दुसरं काहीतरी काढावंसं वाटतंच. मी ड्रॅगन काढते.

म्हणजे ड्रॅगन काढलेलाच असतो, मी त्याला रंगवते. हा एक इंटरनेटवरचा खेळ आहे. कॉलेजात असताना एका मैत्रिणीनं त्याचा नाद लावला. आपल्याला एक अंडं मिळतं, ते उबवायचं, पिल्लू निघालं की त्याला रोज खाऊ घालायचं, मोठं करायचं, जोडी जमवायची. कुणाचा ड्रॅगन हिरवा, कुणाचा गुलाबी, पिल्लांचे रंग आईबापांवरून ठरतात. खेळणाऱ्यांपैकी ज्यांना चित्रकला येते त्यांना खेळाकडून ड्रॅगनची कोरी रेखाकृती मिळते. तिच्यावर आपण अंगभर नक्षी काढून पाठवायची. खेळ चालवणाऱ्यांना ती पसंत पडली तर ती सगळ्यांसाठी खुली होते आणि कुठकुठल्या देशांतले लोक आपापल्या ड्रॅगनला ती घालतात. माझी तोपर्यंत एकही पसंत पडली नव्हती. घरी याचं मी काही बोलायचे नाही. आईला वाटायचं, पोरगी दुकानाचं काम घरी आणते.

घर अकोल्याला, जठारपेठेत. शनिवारी संध्याकाळी मूर्तिजापूरमार्गे एसटीनं जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं, असा माझा शिरस्ता होता. दादाचं लग्न होऊन तेव्हा वर्ष होत आलेलं. वहिनी बार्शीटाकळीची. तिच्या माहेरी भाजीपाला आणि झेंडूची शेती. ती स्वतः अमरावतीच्या विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झालेली. लग्नाच्या बोलणीत या एम. एस्सी.चं फार कौतुक झालं होतं, पत्रिकेवरही ते मीच ठळक अक्षरांत टाकलं होतं. लग्नानंतर मात्र त्याचा विषय कुणी काढला नाही. ती घरात कामं करायची, अधूनमधून प्राध्यापकाच्या जागांसाठी अर्ज करायची आणि माझ्याशी अगदी मापात बोलायची. ती माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठी, तरी मला ताई म्हणायची, तुमी म्हणायची. मीही तिला तुमी. "जेवल्या का ताई?" "जेवले." "चहा ठेवू?" "ठेवा." इतकंच आमचं नातं होतं. वाईट काही नव्हतं, पण चांगलंही काही नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी दिवाणावर लॅपटॉप घेऊन बसले होते. वहिनी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली आणि माझ्यामागे थांबली.

"ताई, हे काय हाय?"

"ड्रॅगन."

"ते तं दिसून राहिलं. शेपटीवर काय हाय?"

"धूमकेतू."

"मंग चुकला तो."

मी वळून पाहिलं. खांद्यावर टॉवेलांचा ढीग, चेहरा गंभीर. मी ड्रॅगनच्या छातीवर सूर्य काढला होता आणि शेपटीवरून निघालेला धूमकेतू. त्याचं डोकं शेपटीच्या टोकाशी, पिसारा छातीकडे.

"धूमकेतूची शेपटी सूर्यापासून लांब जाते," वहिनी म्हणाली. "तुमची सूर्याकडं चालली."

"वहिनी, हा ड्रॅगन आहे."

"ड्रॅगन असू द्या ना. धूमकेतू तं धूमकेतूच हाय."

एवढं बोलून ती टॉवेलांच्या घड्या करायला आत गेली. मला चांगलाच राग आला. मग मी शोधून पाहिलं, तर तिचंच बरोबर होतं. धूमकेतू उलटा फिरवायला दोन मिनिटं लागली. आता त्याचं डोकं पाठीवर आलं आणि पिसारा शेपटीच्या टोकाला फुलत गेला. ते आधीपेक्षा कितीतरी छान दिसत होतं, आणि त्याचा मला जास्त राग आला.

तरीही लॅपटॉप उचलून मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी कणीक मळत होती. तिनं हात न धुता नुसती मान पुढे करून पाहिलं.

"आता बरोबर. पन शेपट्या दोन असतात. एक धुळीची, पिवळट, जराशी वाकडी. दुसरी वायूची, निळसर, सरळ."

"दोन काढू?"

"तुमची मर्जी. मी आपलं सांगितलं."

मी दोन काढल्या. तिनं पुन्हा मान पुढे करून पाहिलं आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं हसली. मग पोळ्या लाटता लाटता तिनं मला धूमकेतू कशाचे असतात, कुठून येतात, हे सगळं सांगितलं. शेवटी तवा उतरवताना म्हणाली, "लग्न झाल्यापासून मले शनीबद्दल लय जनांनी इचारलं. पन सगळ्यायनं साडेसातीचंच इचारलं."

त्यानंतर काही आठवड्यांनी खेळात नव्या नक्षींसाठी स्पर्धा जाहीर झाली. विषय होता अंतराळ. मी बसल्या जागेवरून वहिनीला मेसेज केला, आणि तिथून आमचं जे सुरू झालं ते थांबेना. मी अमरावतीत डबा खाता खाता कच्चं चित्र काढून पाठवायची, ती अकोल्याहून भाजी निवडता निवडता चुका काढायची. मी गुरूचे पट्टे पोटावर घेतले, तर तिनं गुरूवरचा लाल डाग खालच्या अंगाला घ्यायला लावला. शनीची कडी मी गळ्यात घातली, तर तिला ती हारासारखी लोंबायला नको होती. "कडं सपाट असते. फुलाचा हार नाई तो." मंगळाचा तांबडा रंग मात्र तिला एका फटक्यात पटला, कारण मी तो गेरूवरून उचलला होता आणि दोन्हीकडे रंग लोखंडाच्या गंजाचाच.

मध्येच कधीतरी तिनं स्वतःचंही खातं उघडलं. मला सांगितलं नाही, एकदम पिल्लूच दाखवलं. तिच्या अंड्यातून निघालेला ड्रॅगन शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाचा होता, त्यावर मोहरीसारखे पिवळे ठिपके. खेळात असल्या रंगाला कुणी विचारत नाही, लोक असं पिल्लू सोडून देतात आणि नवं अंडं घेतात. मी तसं सुचवलं, तर वहिनीला ते मुळीच आवडलं नाही. ती त्याला रोज सकाळी पूजा आटोपली की खाऊ घालायची.

असाच एकदा तो तिच्या मोबाइलवर जेवत असताना बाबा चहाचा कप ठेवायला आले आणि वाकून बघायला लागले.

"घोरपडीले पंख काहून लावले?"

"बाबा, ड्रॅगन हाय तो," वहिनी म्हणाली.

"खाते काय?"

"किडे, मासे."

"मंग घोरपडच हाय," बाबा म्हणाले आणि निघून गेले.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. बिनसलं ते तेजोमेघावरून. अंतराळ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं: जांभळे, गुलाबी, निळे ढग, म्हणजे तेजोमेघ, आणि त्यांत चमचमणारे तारे. दुर्बिणींतून घेतलेले असे फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. स्पर्धेसाठी मुख्य चित्र हेच करायचं मी ठरवलं. दुकानातल्या सगळ्या जेवणाच्या सुट्ट्या त्यात गेल्या. पंखांवर एकावर एक इतके थर चढवले की दुकानातला संगणक धापा टाकायला लागला. पूर्ण झालं तेव्हा मला ते माझं आजवरचं सगळ्यात सुंदर काम वाटलं. मी ते पाठवलं नाही. वहिनीला समोर बसवून दाखवायचं म्हणून शनिवारची वाट पाहिली.

तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "गनपतीच्या मागचा पडदा वाटून राहिला."

मी चित्र मोठं करून पंख दाखवले.

"आन् हे रंग असे नसतात ताई. फोटो खरे हायेत, पन त्यातले लय रंग मागून भरलेले असतात, समजावं म्हनून. डोयानं पाह्यलं तं असं जांभळं-बिंभळं काही दिसत नाई. राखाडी दिसते."

"मग राखाडी काढू का?"

"मी असं म्हटलं का?"

"पंखवाली घोरपड तुम्हाला चालते, आणि जांभळा ढग चालत नाही?"

हे मी जरा मोठ्यानं बोलले. आई आतून डोकावली. वहिनी उठली, "तुमचं चित्र हाय, तुमी पाहा," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. त्या भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता. पुढचे दोन शनिवार मी कामाचं निमित्त सांगून अमरावतीतच राहिले. दिवाळीचे दिवस होते, निमित्त खोटंही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल बघायची सवय लागली होती आणि त्यावर काही येत नव्हतं. मला ते बोचत होतं, पण आपण होऊन लिहायचं मला सुचत नव्हतं. तिलाही सुचत नसावं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आलं होतं, संध्याकाळी सूर्य मावळता मावळता. मी घरी होते. आईनं दुपारीच फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवली आणि ग्रहण सुटेपर्यंत कुणी काही खायचं नाही असं जाहीर केलं. दादा चकली हातात घेऊन उभा होता, त्यानं ती घाईघाईनं संपवली. मी समोरच्या खोलीत बसले होते. तेवढ्यात वहिनीचा आवाज आला.

"आई, मी जराशी गच्चीवर जाऊ का?"

"ग्रहनात वर जाऊ नये बाई. पाहू नये त्याच्याकडं."

"पाहनारच नाई ना. पाठ करून उभी राहीन."

आई विचारात पडली. अशा माणसासाठी नियम काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "पाठ करून असशीन तं जा," ती शेवटी म्हणाली.

वहिनी खोलीच्या दारात आली. आमचं बोलणं बंद झाल्यापासून ती पहिल्यांदाच अशी समोर उभी होती. "ताई, जाड कागद हाय का तुमच्याजवळ? पत्रिकेसारखा?"

पत्रिकांचे नमुने माझ्या बॅगेत असतातच. मी एक मोठी पत्रिका दिली, आणि ती कशाला हवी हे कळत नव्हतं म्हणून मागोमाग गच्चीवर गेले. वहिनीनं सुईनं त्या कागदाला एक भोक पाडलं. सूर्याकडे पाठ करून उभी राहिली आणि कागद खांद्याच्या वर धरला. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर, पांढऱ्या चुन्यावर, एक नारिंगी ठिपका पडला. बोटाच्या पेराएवढा. मी जवळ जाऊन पाहिलं. तो गोल नव्हता. एका बाजूनं त्याचा लचका तोडलेला होता.

"हा सूर्य हाय," वहिनी म्हणाली. "भोकाचा आकार नाई हा. सूर्याचं चित्र पडलं."

"भोकं जास्त पाडली तर?"

"तितके सूर्य पडतीन."

मी तिच्या हातून सुई घेतली. जमिनीवर बसून पत्रिकेवर एकामागून एक भोकं पाडत गेले, जरा अंतर ठेवून. आधी एक वाकडी मान, मग पाठीची कमान, मग दोन पंख, मग शेपटी. त्या कोऱ्या रेखाकृतीवर मी इतकी वर्षं काम केलं होतं की डोळे मिटूनही ती मला काढता आली असती. वहिनी वरून बघत होती. झाल्यावर मी उभी राहिले आणि कागद धरला.

टाकीच्या भिंतीवर ड्रॅगन उमटला. सगळा चावलेल्या सूर्यांचा. मानेपासून शेपटीपर्यंत एकेक खवला नारिंगी आणि प्रत्येकाचा एकाच बाजूनं घास घेतलेला. कागद जरा मागे घेतला की एकेक सूर्य मोठा व्हायचा, हात हलला की ड्रॅगन पंख हलवायचा.

"हात हलवू नको, पाह्य," वहिनी म्हणाली. "अशीच धर. अशीच राह्य."

ती मला पहिल्यांदा तू म्हणाली होती. बहुतेक तिच्या ते ध्यानातही आलं नाही. ती भिंतीला जवळजवळ नाक लावून एकेका खवल्याचे मोबाइलवर फोटो काढत होती. थोड्या वेळानं बाबा वर आले, त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि यावेळी घोरपड म्हणाले नाहीत. हळूच जिन्यात वाकून आईला हाक मारली. आई पदर डोक्यावर घेऊन, सूर्याकडे पाठ करून, आडवं चालत चालत आली. "मायबाई," एवढंच म्हणाली. सूर्य समोरच्या इमारतीच्या मागे जाईपर्यंत आम्ही चौघं त्या भिंतीसमोर उभे होतो. दादा खाली ग्रहण सुटायची वाट पाहत होता.

नक्षी करायला मला आठवडा लागला. ड्रॅगनचं अंग कापसाच्या काळ्या जमिनीसारखं, आणि त्यावर खवले म्हणून सूर्य. मानेशी सूर्य पूर्ण, मग हळूहळू चावा शिरत जातो, पाठीवर सगळ्यात मोठा होतो आणि शेपटीकडे पुन्हा सुटत जातो. वहिनीचं म्हणणं एकच होतं: चावा ज्या बाजूनं शिरला त्याच बाजूनं बाहेर पडता कामा नये. त्यासाठी मला पाठीवरचे खवले पुन्हा काढावे लागले, आणि या खेपेला मी कुरकुर केली नाही. प्रत्येकाला दोन चित्रं पाठवता येत होती. मी तेजोमेघही पाठवला. वहिनीनंच सांगितलं पाठव म्हणून.

निकाल आला तेव्हा मी दुकानात होते. शेजारच्या स्टुलावर एक काका मोराच्या पिसाऱ्यावरून त्यांच्या भावाशी फोनवर बोलत होते. मी मेल उघडली. तेजोमेघ नापसंत होता, तशी चित्रं फार आली म्हणून त्यांनी कळवलं होतं. ग्रहण पसंत होतं. मी काकांना पाणी दिलं आणि बाहेर जाऊन वहिनीला फोन लावला. ती बार्शीटाकळीला माहेरी गेली होती, आईबापासोबत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती.

"आपला ड्रॅगन घेतला त्यांनी," मी म्हटलं.

"कोन्ता? ढग का सूर्य?"

"सूर्य."

तिनं आधी मला ती मेल वाचून दाखवायला लावली. मग ती म्हणाली, "सूर्यायचा क्रम बदलला नाई ना त्यायनं?"

"नाही."

"मंग ठीक हाय." आणि लगेच, तिच्या वडिलांना सांगताना, तिचा आवाज चढला. "बाबा, निवडलं ना वो आमचं."

मी तिला ढगाचंही सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगू? मले आवडला होता तो. फक्त खोटा होता."

नक्षी खेळात आली त्या रविवारी आम्ही दोघी दिवाणावर शेजारी शेजारी बसून बघत होतो. खेळात एक चौक आहे, तिथे सगळे आपापले ड्रॅगन घेऊन येतात. आमचे सूर्य घातलेला पहिला ड्रॅगन दिसायला बराच वेळ लागला. मग दुसरा दिसला, मग तीन एकदम. एका मुलीनं, कुठल्या देशातली ते कळलं नाही, खाली लिहिलं होतं की ही चावलेली बिस्किटं फार गोड दिसतात. वहिनीनं माझ्या हातातून लॅपटॉप घेतला आणि तिला इंग्रजीत भलंमोठं उत्तर लिहिलं: सूर्य, चंद्र, सुईचं भोक, सगळं. त्या मुलीनं उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पाडलेल्या भोकांच्या कागदाचा फोटो टाकला. तिच्याकडे ग्रहण नव्हतं, म्हणून तिच्या भिंतीवर सगळे सूर्य अख्खे होते. वहिनी तो फोटो घरात सगळ्यांना दाखवत फिरली.

स्वतःच्या ड्रॅगनला मात्र तिनं ती नक्षी घातली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "त्याले नको. तो हाय तसाच बरा हाय."

पुढच्या जूनमध्ये तिला अमरावतीत एका कॉलेजात शिकवायची जागा मिळाली, तासिकांवरची. रोज अकोल्याहून जाणं-येणं जमणारं नव्हतं. घरात थोडी चर्चा झाली, आईनं दोन दिवस तोंड बारीक केलं, दादानं गॅसची छोटी शेगडी आणून दिली आणि वहिनी माझ्या खोलीवर राहायला आली. आता सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघी एका खोलीत असतो आणि शनिवारी एकाच एसटीनं घरी जातो. तिची विद्यार्थ्यांच्या वह्यांची थप्पी टेबलावर, माझा लॅपटॉप खाटेवर.

परवा खेळात नवा विषय जाहीर झाला. समुद्राचा तळ. समुद्र आम्हा दोघींपैकी एकीनंही पाहिलेला नाही. मी उत्साहानं लाल पोवळी काढायला घेतली, तर वहिनी कांदा चिरता चिरता म्हणाली, "खोल पान्यात लाल रंग पोचतच नाई. सगळ्यात आधी तोच जाते. तिथी तुयी पोवळी काळी दिसतीन."

"मग मी सगळंच काळं काढू का?"

"मी असं म्हटलं का?"

आमचं जुंपलं ते असं जुंपलं की शेगडीवरच्या भाताकडे दोघींचंही लक्ष राहिलं नाही. खालून घरमालकीणबाईंनी हाक मारून करपल्याचा वास येतोय म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे वहिनी उठली, आणि उठता उठताही तिचं प्रकाशाबद्दलचं वाक्य अर्धंच राहिलं होतं, ते तिनं पातेलं उतरवून पूर्ण केलं.